छावणीतल्या रात्री

2012-13 च्या दुष्काळात आमच्या माण तालुक्यातली जनावरं चारा छावणीत गेली आणि जनावरांमागं आम्हीही गेलो. माळावर दावणी ठोकायच्या, वर जुन्या साड्या नाहीतर ताडपत्री बांधून सावली करायची आणि घरातल्या एकानं तरी रात्रंदिवस तिथंच राहायचं. कुणाचा म्हातारा, कुणाची सून तान्ह्या पोरासकट. मी आठ महिने होतो. चारा, पाणी, टँकर यावर पुष्कळ लिहून झालंय. रात्री जमिनीला पाठ टेकली की काय व्हायचं, ते कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही.

आमचा माळ म्हणजे मुरूम आणि सुटे दगड. विंचवाला आणि फुरशाला असली जमीन फार पसंत. खुंटी ठोकायला दगड उचलावा तर खाली कुणीतरी घरमालक बसलेला असायचाच. त्यात भर आमचीच. उसाची वाढी बागायती गावांतनं ट्रकनं यायची, त्या भाऱ्यांत कधी कधी साप निघायचा. पाण्याच्या टाकीपाशी ओल, ओलीला बेडूक, बेडकामागं साप. चहूकडं सगळं करपलेलं, ओली जागा काय ती आमच्यापाशी, मग ती बिचारी तरी जाणार कुठं?

पहिल्यांदा घाबरवलं ते ज्याचं नावसुद्धा आम्हाला ठाऊक नव्हतं त्यानं. दिव्याखाली किडे जमायचे, ते खायला यायचं. पिवळट, केसाळ, कोळ्यासारखं, तोंडाला दोन जाड चिमटे. पळायचं तर असं, की नजर पुरायची नाही. एकदा ते शेजारच्या आज्जीच्या मागं लागलं. आज्जी उजवीकडं, तर ते उजवीकडं. शेवटी आज्जी सत्तराव्या वर्षी बैलगाडीवर चढली. छावणीत बी.एस्सी.ला असलेला एक पोरगा होता. तो म्हणाला, "आज्जी, त्येला इख नसतंय. त्ये तुमच्यामागं न्हाई, तुमच्या सावलीमागं लागलंय. उजेड नको असतो त्येला."

"मग सावली काय घरी ठिवून यीऊ?" आज्जी वरनंच म्हणाली.

ह्याच पोरानं पुढं एक गंमत केली. दुकानदार खोट्या नोटा ओळखायला जांभळ्या उजेडाची बॅटरी वापरतात, तसली तो घेऊन आला. अंधारात माळावर मारली तर विंचू हिरवे चमकायला लागले. इथं एक, तिथं एक, माझ्या अंथरुणापासून चार हातांवर एक. बायामाणसं तर बोलायचीच थांबली. मला विचाराल तर तो उजेड दाखवलाच नसता तर बरं झालं असतं, त्या रात्री छावणीत कुणी झोपलं नाही. पण दुसऱ्या दिवशीपासून जो तो दगड उचलून लांब टाकायला लागला, हेही खरं.

भीती कुणाची धरायची, हे मात्र आम्हाला उलटं शिकवलेलं होतं. काळी, जाडजूड इंगळी दिसली की पळापळ. करंगळीएवढा तांबडा विंचू दिसला तर चपलेखाली चेंगरून पुढं जायचं. लहान आहे, काय करतोय!

त्या लहानानंच केलं. आमच्या शेजारच्या दावणीची सून, बावीस-तेवीसची असेल, पहाटे शेणाची पाटी उचलायला गेली आणि बोटाला डंख बसला. म्हाताऱ्यांनी कांदा चोळला. एकजण मंतर टाकणाऱ्याला आणायला निघाला. अर्ध्या तासात पोरगी घामानं निथळली. कपडे पिळून काढावे इतका घाम, आणि हातपाय बर्फासारखे गार. मग उलट्या. मग म्हणायला लागली, "दम लागतुया." इंगळीच्या डंखानं माणूस ओरडतो, ही ओरडत नव्हती, त्याचीच मला भीती वाटली. दूध न्यायला आलेली जीप उभी होती. कॅन खाली उतरवले आणि तिला आत घातलं.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, विंचू काळा का तांबडा? तांबडा म्हटल्यावर एक गोळी दिली. रक्तदाबाची, प्रेझोसिन नावाची. तांबड्या विंचवाचं विष काळजावर जातं आणि फुप्फुसात पाणी भरतं, ही गोळी वेळेत पडली तर माणूस वाचतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी कोकणातल्या विंचवावर काम करून ही गोळी लागू पडते हे दाखवलं. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा मी पेपरातला फोटो कापून ठेवला.

ती तीन दिवसांनी आली. तोवर तिचं पोर माझ्या मंडळींनी शेळीच्या दुधावर सांभाळलं. गाय मात्र दुसऱ्या कुणाला कासेला हात लावू देईना. सासू म्हणाली, "तू घरी जा, मी ऱ्हाते." तर सून म्हणाली, "आत्याबाई, घरी तरी कुठं गाद्या हायत?" आणि धार काढायला बसली.

नंतर आम्ही खाली झोपायचं सोडलं. मण्यार झोपलेल्या माणसाला डसते, दुखत फारसं नाही, सकाळी पापण्या मिटायला लागतात तेव्हा कळतं. फुरसं निदान अंगाची खवलं घासून करवतीसारखा आवाज तरी करतं. दोन्हींवर दवाखान्यात लस असते, पण दवाखाना लांब. मग कुणी घरनं बाज आणली, कुणी वाढ्यांच्या ट्रकवाल्याकडनं फळ्या मागून घेतल्या. ज्यांच्याकडं काहीच नव्हतं ते गाडीवर झोपले. चप्पल झटकून घालायची, घोंगडं झटकून पांघरायचं, हात घालण्याआधी भारा काठीनं हलवायचा.

पाऊस पडला आणि छावणी मोडली. पालं सोडताना त्या सुनेच्या चुलीच्या दगडाखाली तांबडी विंचवी निघाली, पाठीवर पांढऱ्या पिलांची रास. बी.एस्सी.वाला "काकी, थांबा, बघू द्या" म्हणेपर्यंत तिनं चपलेनं निकाल लावला, चुलीचे तिन्ही दगड टेम्पोत टाकले आणि गाईचं दावं धरून पुढं चालायला लागली.