डँपर उघडा आहे, असं स्क्रीन म्हणते

मी ज्या सॉफ्टवेअरवर काम करते ते मोठ्या इमारतींचं विजेचं बिल कमी करतं. हे सांगितलं की आईचा प्रश्न ठरलेला असतो, "म्हणजे नक्की काय? दिवे बंद करता?" तेही करतो. पण काचेच्या कार्यालयीन इमारतीत सगळ्यात जास्त वीज दिवे नाही, एसी खातो. आणि हा एसी म्हणजे घरातल्या भिंतीवरचा पांढरा डबा नव्हे. तळघरात किंवा गच्चीवर चिलर असतो, तो साधारण ७ अंशांचं थंड पाणी तयार करतो. ते पाणी पाइपांतून प्रत्येक मजल्यावरच्या एएचयूपर्यंत, म्हणजे एअर हँडलिंग युनिटपर्यंत जातं. एएचयू म्हणजे एका कोंदट खोलीत ठेवलेला पत्र्याचा भलामोठा पेटारा. आत फिल्टर, थंड पाण्याची कॉइल आणि एक दांडगा पंखा. मजल्यावरची हवा ओढायची, थंड करायची आणि छतातल्या डक्टमधून परत मजल्यावर सोडायची, हे त्याचं काम.

म्हणजे दिवसभर तीच ती हवा फिरत राहते. त्यात बाहेरची ताजी हवा मिसळावी म्हणून एएचयूच्या खोलीच्या भिंतीला जाळी असते आणि तिच्यामागे उघड-बंद होणाऱ्या पट्ट्यांची एक झडप. तिला डँपर म्हणतात. ज्या इमारतीत एकही खिडकी उघडत नाही, तिथे मजल्यावरच्या दोन-तीनशे माणसांचा बाहेरच्या हवेशी संबंध येतो तो बहुतेक या झडपेतूनच.

आता गंमत अशी की वीज वाचवायची सगळ्यात सोपी आणि फुकट युक्ती म्हणजे ही झडप बंद करणं. मे महिन्यात पुण्यात बाहेर ४० अंश असताना ती हवा आत घेतली की ती थंड करायला पैसे लागतात. पावसाळ्यात तापमान कमी असतं, पण ओलावा पिळून काढायला पैसे लागतात. आतली हवा आधीच थंड आणि कोरडी असते. तीच फिरवली की बिल खाली येतं.

हे शहाणपण आपल्या फॅसिलिटीवाल्यांनी शोधलेलं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेतले अभियंते दर माणशी मिनिटाला ३० घनफूट ताजी हवा द्या म्हणत होते. १९७३ च्या तेलसंकटानंतर ऊर्जा वाचवायची लाट आली आणि १९८१ च्या अ‍ॅशरे मानकात, जिथे धूम्रपान नाही अशा कार्यालयांसाठी हा आकडा ५ वर आला. इमारती हवाबंद झाल्या. त्याच दशकात लोक डोकेदुखी, डोळ्यांची चुरचूर, घशाची कोरड आणि थकव्याच्या तक्रारी करू लागले, आणि घरी गेलं की बरं वाटायचं. 'सिक बिल्डिंग सिंड्रोम' हे नाव तेव्हाच रुळलं. ताजी हवा कमी पडणं हे एकमेव कारण नव्हतं. नवं फर्निचर, गालिचे, गोंद, रंग यांतून निघणारी रसायनंही होतीच, पण त्यांना बाहेर जायला वाटच उरली नव्हती. १९८९ मध्ये अ‍ॅशरेने कार्यालयांसाठी आकडा पुन्हा २० वर नेला. म्हणजे हा धडा माझ्या जन्माआधीच शिकून झालेला आहे.

मग माझ्यासमोर आलेली हिंजवडीतली इमारत. नऊ मजले, सगळी काच. ही पुण्याच्या हवेत काच का लावतात, हा वेगळा लेख होईल. (उन्हाला आत बोलवायचं आणि मग त्याला हाकलायला चिलर लावायचा.) बीएमएसच्या, म्हणजे इमारत चालवणाऱ्या यंत्रणेच्या स्क्रीनवर सगळं हिरवं. प्रत्येक मजल्याचा ताज्या हवेचा डँपर '३० टक्के उघडा'. आणि चौथ्या मजल्यावरच्या मीटिंग रूममध्ये दुपारी तीन वाजता माझ्या हातातला मीटर कार्बन डायऑक्साइड २,१०० पीपीएम दाखवत होता. बाहेर तो सुमारे ४२० असतो.

हे २,१०० म्हणजे विष नव्हे, हे आधी सांगायला हवं, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर याचे भलतेच अर्थ फिरतात. इथे कार्बन डायऑक्साइड हा खबऱ्या आहे. तो कुठून येतो? आपल्याच फुप्फुसांतून. उच्छ्वासात तो साधारण ४ टक्के असतो. खोलीत तो साठला, तर बाकीचंही साठलंय: दुसऱ्यांच्या श्वासातले विषाणू, परफ्यूम, कार्पेटचा वास, डब्यातली भाजी. म्युनिकच्या माक्स फॉन पेटेनकोफरने १८५८ मध्येच सांगितलं होतं की वस्तीच्या खोलीत याचं प्रमाण १,००० पीपीएमच्या वर जाऊ देऊ नका. त्याच्याकडे सेन्सर नव्हता, चुन्याच्या निवळीसारखं रसायन वापरून तो मोजायचा.

हिशेबही अवघड नाही. बसून काम करणारा माणूस तासाला साधारण १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. १२ माणसं म्हणजे २१६ लिटर. खोली १०० घनमीटरची, म्हणजे एक लाख लिटर. ताजी हवा अजिबात येत नसेल, तर एका तासाच्या मीटिंगमध्ये आकडा २,१६० ने चढतो. जेवणानंतरच्या मीटिंगमधल्या पेंगेचा सगळा दोष आपण भाताला देत आलो. भातावर थोडा अन्याय झालाय असं मला आता वाटतं.

मी एएचयूच्या खोलीत जायचं म्हटल्यावर तिथले मुख्य टेक्निशियन, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, जरा रेंगाळले. किल्ली सापडेना. मग सापडली. आत डँपरच्या दांडीला बाइंडिंग वायरचे चार वेढे मारून ती घट्ट बंद करून टाकलेली. मोटर सुटी लोंबत होती. स्क्रीनवरचे ३० टक्के ही खोटी नोंद नव्हती. संगणकाने मोटरला '३० टक्के उघड' असा हुकूम दिला होता आणि स्क्रीन तो हुकूमच दाखवत होती. हुकूम पाळला गेला का, हे विचारणारा सेन्सर तिथे कधी बसवलाच नव्हता.

"कोणी बांधलं हे?"

"मीच बांधलं, मॅडम," अण्णा म्हणाले. "तुम्ही आधी कराराचा कागद बघा, मग मला बोला."

कागद बघितला. युनिट ठरलेल्या आकड्याच्या वर गेली, तर देखभाल करणाऱ्या कंत्राटदाराला दंड. मजल्यावरून 'गरम होतंय' अशा तक्रारी ठरावीक संख्येपेक्षा जास्त आल्या, तरी दंड. हवेबद्दल एक ओळ नाही. चिलर जुना, एप्रिलमध्ये दम टाकणारा. दोन्ही दंडांमधून वाट काढणारा एकच मार्ग होता आणि अण्णांनी तो अडीच फूट तारेत काढला होता. त्यांच्या जागी असते तर मी वेगळं काय केलं असतं, मला माहीत नाही. २०२० मध्ये करोनाच्या भीतीने याच इमारतीतले डँपर पूर्ण उघडले होते, हेही त्यांनीच सांगितलं. मग माणसं कामावर परतली, बिलं चढली आणि तारा आल्या.

मालकांच्या बाजूने आलेला पहिला उपाय होता कुंड्या. प्रत्येक मजल्यावर चाळीस मनी प्लँट. कुंड्यांशी माझं वैर नाही, पण झाडं हवा शुद्ध करतात हा समज नासाच्या १९८९ च्या प्रयोगातून आला आणि तो प्रयोग छोट्या बंद पेट्यांमध्ये केलेला होता. २०१९ मध्ये दोन संशोधकांनी अशा सगळ्या प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला. इमारतीत एरवी जेवढी हवा बदलते, तेवढा परिणाम झाडांकडून हवा असेल तर दर चौरस मीटरला १० ते १,००० झाडं लागतील असं उत्तर आलं. मग माणसं कुठे बसवायची?

दुसरं टोक म्हणजे 'जुन्या घरांत हवा कशी खेळती असायची' असं म्हणणारे. आमच्या आजोळी कौलात धुराडं होतं, खिडक्या होत्या, मधला सोपा होता. आजी तरी जन्मभर चुलीपाशी खोकत राहिली. हवा येण्या-जाण्यासाठी नुसती भोकं असून भागत नाही. आत काय जळतंय आणि बाहेर काय आहे, तेही बघावं लागतं. डिसेंबरच्या सकाळी हिंजवडीच्या रस्त्यावरची धूळ आणि धूर सरळ आत घेतला तर कार्बन डायऑक्साइड उतरेल आणि पीएम २.५ चढेल. म्हणून तारा सोडायच्या तर फिल्टरही चांगला लागणार, आणि दाट फिल्टरमधून हवा ढकलायला पंख्याला जास्त वीज लागणार. प्रत्येक गोष्टीला किंमत होती. ती कुठून काढायची, एवढाच प्रश्न होता.

ती निघाली, आणि मला या कामात सगळ्यात आवडलेला भाग हाच आहे. पंख्याचा वेग आणि त्याला लागणारी वीज यांचं नातं घनाचं असतं. वेग ८० टक्क्यांवर आणला की वीज ८० टक्के लागत नाही, सुमारे ५१ टक्के लागते. अर्ध्यावर आणला तर आठवा हिस्सा. प्रत्यक्षात डक्टमधला दाब राखावा लागतो म्हणून एवढं मिळत नाही, पण पुष्कळ मिळतं. या इमारतीत पंख्यांना वेग बदलणारे ड्राइव्ह होते, आणि ते सगळे वर्षानुवर्षं पूर्ण वेगावर अडकवून ठेवलेले. शिवाय सेटपॉइंट २१ अंश. स्वेटर घालून बसलेल्या मुलींचे तीन मजले होते. ऊर्जा दक्षता ब्यूरो २४ अंश सुचवतो आणि एक अंश वाढवला की साधारण ६ टक्के वीज वाचते असं सांगितलं जातं. चिलर पहाटे पाचला सुरू होत होता, पहिला माणूस साडेआठला यायचा. डिसेंबर-जानेवारीत रात्रीची बाहेरची हवा १२-१५ अंशांची असते. तेव्हा चिलर बंद ठेवून तीच आत घेतली की गारवा फुकट. बंद डँपरमुळे ही फुकटची थंडीही वर्षानुवर्षं बाहेर थांबली होती.

मजल्यांवर कार्बन डायऑक्साइडचे सेन्सर लावले, माणसं असतील तेवढाच डँपर उघडेल अशी सोय केली. डँपर खरंच हलला का, हे सांगणारे सेन्सर बसवले. २१ चे २४ केल्यावर पहिले दोन आठवडे तक्रारींचा पाऊस पडला. आम्ही २३ वर तडजोड केली. वाचलेल्या विजेतला जवळपास तिसरा हिस्सा ताजी हवा थंड करण्यात आणि फिल्टरमध्ये गेला. विक्री विभागातल्या सहकाऱ्याला हे अजून पटलेलं नाही. त्याच्या मते आम्ही ग्राहकाचे हातात आलेले पैसे हवेत उडवले. हे वाक्य तो विनोद म्हणून बोलत नाही.

हे सगळं चालू असताना मी पार्किंगच्या आकड्यांकडे वळले. तळघराच्या दोन मजल्यांवर धूर ओढणारे मोठे पंखे असतात. ते सतत चालवायची गरज नसते. कार्बन मोनॉक्साइडचे सेन्सर असतात, तो वायू वाढला की पंखे लागतात. या वायूला वास नाही, रंग नाही, आणि हा मात्र खबऱ्या नव्हे, खराखुरा विषारी. अहवालात या पंख्यांची बचत फार देखणी दिसत होती: मागचे कित्येक महिने पंखे जवळजवळ लागलेच नव्हते. सेन्सरचा आलेख काढला. शून्य. सकाळी नऊला चारशे गाड्या आत शिरताना शून्य, संध्याकाळी सातला शून्य. जिवंत सेन्सरचा आलेख थोडा तरी थरथरतो. ही रेघ पट्टीने मारल्यासारखी होती. या सेन्सरमधली रसायनं काही वर्षांत संपतात, मग तो काहीच सांगत नाही, आणि काहीच न सांगणं यंत्रणेच्या भाषेत 'सगळं ठीक' असतं.

खाली रॅम्पच्या तोंडाशी एक सुरक्षारक्षक बारा तासांच्या पाळीत बसतात. लातूरकडचे, पन्नाशी उलटलेले. त्यांना विचारलं, काका, काही त्रास होतो का?

"सकाळच्या गर्दीनंतर डोकं जड हुतंय, मॅडम. चहा घेतला की बरं वाटतंय."

"मग कोणाला सांगितलं नाही?"

"कुणाला सांगायचं?"

मजल्यावरच्या लोकांना तक्रारीसाठी अ‍ॅप होतं. कंत्राटातला दंड त्या अ‍ॅपमधल्या तक्रारी मोजून लागायचा. काकांकडे ते अ‍ॅप नव्हतं, कारण ते भाडेकरू कंपनीचे नव्हते. त्यांचं डोकं कशाने दुखत होतं हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. त्या महिन्यांत हवा कुणी मोजलीच नव्हती.

त्याच दिवशी पंखे हाताने चालू केले आणि नवे सेन्सर येईपर्यंत गर्दीच्या वेळांना वेळापत्रकावर ठेवले. त्या महिन्यात युनिट चढली. त्याचा खुलासा मी लेखी दिला आणि दंड माफ झाला. माफ करून घ्यायला दोन बैठका लागल्या. नव्या करारात कार्बन मोनॉक्साइडच्या सेन्सरची दर सहा महिन्यांनी तपासणी आली आहे. मजल्यांवरच्या हवेची ओळ अजून मसुद्यातच आहे.

मागच्या आठवड्यात खाली गेले तेव्हा काकांची नवीन तक्रार होती. पंखे फार आवाज करतात, मोबाइलवरचं कीर्तन ऐकू येत नाही. रात्री दहानंतर गाड्या जवळपास नसतात, तेव्हा बंद ठेवता येतील का? नव्या सेन्सरचे दोन आठवड्यांचे आलेख बघितले. दहानंतर रेघ खाली असते, पण थरथरत असते. त्या वेळेत पंखे वेळापत्रकातून काढून सेन्सरवर सोडले आहेत आणि त्यांच्या केबिनमध्ये एक वेगळा, बॅटरीवरचा अलार्म लावला आहे. तो कसा तपासायचा हे अण्णांनी त्यांना दाखवलं. बटण दाबल्यावर तो इतका किंचाळला की रॅम्पवरचं कुत्रं पळून गेलं.