जाळ्यातील संयम

भाद्रपद शुद्ध दशमी. दशलक्षण पर्वातील सहावा दिवस, उत्तम संयमाचा. सकाळचा अभिषेक व प्रवचन आटोपून सांगलीच्या हळद पेठेतील एक वयोवृद्ध अडते आपल्या बँकेत गेले. गोदामात राखून ठेवलेली हळद आदल्या दिवशी सौद्यात विकली गेली होती आणि तिचे पैसे शेतकऱ्याच्या खात्यावर आरटीजीएसने पाठवायचे होते. शेतकरी सोबतच होता. पैसे जमा झाल्याची खात्री करून त्याला गावी परतायचे होते. खिडकीवर पुठ्ठ्याची पाटी लटकत होती : ‘लिंक नाही.’

या दोन शब्दांचा अनुभव नसलेला खातेदार विरळाच. शाखेत वीज असते, कर्मचारी हजर असतात, तिजोरीत रोकड असते, तरीही व्यवहार बंद असतो. पूर्वी खातेवही शाखेतच असे. तिच्यातील आकडा पाहून अधिकारी चेकवर सही करीत. आता प्रत्येक खात्याची नोंद दूरच्या शहरातील मध्यवर्ती सर्व्हरवर राहते. शाखा म्हणजे त्या नोंदीकडे पाहण्याची एक खिडकी, आणि खिडकी व नोंद यांमध्ये शेकडो किलोमीटरची वाट. ती वाट तुटली की शेतकऱ्याचे स्वतःचे पैसेही त्याला परके होतात.

साडेअकराच्या सुमारास पाठीला बॅग लावलेला एक तरुण आला. त्याने प्रथम राउटरवरील दिवे पाहिले, मग लॅपटॉप जोडला. शाखेतील राउटर उत्तर देत होता. पलीकडचे पहिले ठाणे मौन होते. म्हणजे दोष इमारतीच्या बाहेर होता. शाखेला दोन स्वतंत्र लाइन असल्याची नोंद कागदोपत्री होती. एक तुटली तर दुसरी चालावी, हा हेतू. प्रत्यक्षात दोन्ही फायबर एकाच चरातून गेलेले निघाले, आणि गटारकामासाठी आलेल्या जेसीबीने तो चरच उखडला होता. काचेचे ते केसासारखे तंतू जोडून होईपर्यंत चार वाजले. अडत्यांनी शेतकऱ्याला घरी नेऊन जेवू घातले. पण त्याच्या चेहऱ्यावरची काळजी पैसे जमा झाल्याचा संदेश येईपर्यंत हटली नाही.

संध्याकाळी सूर्यास्तापूर्वीची जेवणे झाल्यावर आजोबांनी नातीला जवळ बोलावले. ती बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला, विषय संगणकशास्त्र. ‘मी नेटवर्क इंजिनिअर होणार,’ असे तिने जाहीर केल्यापासून घरात अबोला होता. वडिलांच्या मते ते वायरी ओढण्याचे काम. आईला रात्रपाळीची धास्ती. आजोबा आजवर काहीच बोलले नव्हते.

‘बाळ, आज बँकेत तो मुलगा करीत होता, तेच काम तू करणार म्हणतेस का?’

‘हो, आजोबा. पण वायर शेवटी येते. आधी दोष कुठे आहे, ते शोधायचे असते.’

तिचे म्हणणे योग्यच होते. या व्यवसायातील पहिली विद्या म्हणजे शोध, आणि त्याची साधने आश्चर्य वाटावे इतकी साधी आहेत. ‘पिंग’ हे त्यांतील सर्वांत जुन्यांपैकी एक. अमेरिकी लष्कराच्या एका संशोधन प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माइक मस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये ते लिहिले. पाणबुडीचा वेध घेणाऱ्या सोनार यंत्राच्या आवाजावरून त्याला नाव मिळाले. एका संगणकाने दुसऱ्याला हाक द्यायची, उत्तर आले का आणि किती मिलिसेकंदांत आले, एवढेच पाहायचे. ‘ट्रेसराउट’ वाटेतील मुक्काम दाखवते. इंटरनेटवरील प्रत्येक पॅकेटवर एक आकडा असतो. प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो आणि आकडा शून्य झाला की पॅकेट टाकून देऊन पाठवणाऱ्याला तसे कळवतो. म्हणून एक, दोन, तीन असे आकडे चढवत पॅकेट सोडली की वाटेतील ठाणी एकेक करून आपला पत्ता सांगतात. त्याहून खोलात जायचे तर ‘वायरशार्क’ आहे. जेराल्ड कोम्ब्स यांनी १९९८ मध्ये ‘इथरिअल’ या नावाने ते प्रसिद्ध केले. २००६ मध्ये नाव बदलले. वाहणारे प्रत्येक पॅकेट ते उघडून मांडते आणि आजही विनामूल्य मिळते.

नातीने आजोबांना सांगितलेली खरी गोष्ट मात्र साधनांची नव्हती. १९८६ सालची होती. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली येथील विद्यापीठ यांमधील नेटवर्क अचानक मंदावले. दोन्ही ठिकाणांत अंतर अवघे ४०० यार्डांचे. वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर आला. पेठेच्या भाषेत सांगायचे, तर रोजची ३२,००० रुपयांची उलाढाल ४० रुपयांवर यावी, तसे. कोणतीही तार तुटलेली नव्हती.

प्रयोगशाळेतील व्हॅन जेकबसन यांनी विद्यापीठातील मायकेल कॅरल्स यांच्यासह कारण शोधले. राउटरची स्मृती मर्यादित असते. ती भरली की पुढची पॅकेट गळून पडतात. पोच मिळाली नाही की पाठवणारा संगणक तेच पॅकेट पुन्हा पाठवतो. गर्दी वाढते, आणखी पॅकेट गळतात, आणखी पुन्हा पाठवली जातात. यात्रेच्या दिवशी मंदिराच्या अरुंद दारात मागच्यांनी रेटा वाढवावा आणि त्यामुळेच कोणाला आत जाता येऊ नये, तशी ही अवस्था. कोणाचाही हेतू वाईट नव्हता. प्रत्येक जण फक्त आपले काम लवकर व्हावे म्हणून धडपडत होता, आणि त्या धडपडीनेच सर्वांचे काम थांबले होते.

१९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधातील उपाय दारावर पहारेकरी बसवण्याचा नव्हता. बंधन पाठवणाऱ्याने स्वतःवर घालायचे होते. आरंभ एका पॅकेटने करायचा. पोच येत गेली की प्रमाण वाढवायचे. मार्गाची क्षमता जवळ आली असे वाटले की फेरीगणिक एकाच पॅकेटची वाढ करायची. आणि एखादे पॅकेट हरवले, तर वाटेवर इतरांचीही गर्दी आहे असे समजून आपली मर्यादा तत्काळ निम्मी करायची. वाढ सावकाश, माघार मोठी. पुढे या पद्धतीत पुष्कळ सुधारणा झाल्या. परंतु मार्गाची स्थिती पाहून आपला वेग आपणच आवरायचा, हे सूत्र टिकून आहे. एकमेकांना कधीही न भेटणारे संगणक ते पाळतात, म्हणून जाळे चालते. न पाळणारा संगणक काही काळ इतरांचा वाटा बळकावू शकतो. त्याला जागीच दंड करणारे कोणी नसते.

आजोबा बराच वेळ गप्प होते. चाळीस वर्षांपूर्वी त्यांनी परिग्रह परिमाणाचे अणुव्रत घेतले होते : इतकी जमीन, इतकी गोदामे, इतके सोने, त्यापुढे नाही. पेठेत अनेकांनी तेव्हा त्यांना वेड्यात काढले होते. ‘म्हणजे मर्यादा दुसऱ्याने घालायची नाही, आपणच घालायची,’ ते म्हणाले, ‘आणि ती मोडली तर पहिली अडचण आपल्याला नाही, मागच्याला होते. सकाळी प्रवचनात महाराज हेच सांगत होते.’

यंत्रांच्या नियमाला व्रताचे पुण्य लाभत नाही, हे उघड आहे. यंत्राला मोह नाही, म्हणून त्याचा त्यागही नाही. परंतु तो नियम लिहिणारी माणसे होती आणि त्या जाळ्याची राखण करणारीही माणसेच असतात. त्यांच्या संयमाची मात्र खरी कसोटी लागते. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम सुमारे सहा तास जगभर बंद पडले. हल्ला झाला नव्हता. नित्याच्या देखभालीत दिलेल्या एका आज्ञेने त्या कंपनीची डेटा सेंटरे परस्परांपासून तोडली. अशी चूक अडवण्यासाठी असलेल्या तपासणी प्रणालीतच दोष होता. दुरुस्तीची नेहमीची साधनेही त्याच जाळ्यावर अवलंबून असल्याने इंजिनिअरांना डेटा सेंटरमध्ये प्रत्यक्ष जावे लागले. बँकेत एकाने केलेली नोंद दुसऱ्याने तपासल्याखेरीज पुढे जात नाही, ती का, हे या प्रसंगावरून कोणालाही कळावे. चांगला नेटवर्क इंजिनिअर बदल करण्यापूर्वी जुनी रचना जपून ठेवतो, सहकाऱ्याकडून आज्ञा तपासून घेतो, परतीची वाट आखतो आणि केलेले प्रत्येक काम नोंदवतो. घाई हा या व्यवसायातील पहिला शत्रू आहे.

वडिलांच्या शंकाही निराधार नव्हत्या. आरंभीची नोकरी बहुधा देखरेख केंद्रात, पडद्यावरील इशारे पाहत, पाळ्यांमध्ये करावी लागते. सिस्को कंपनीची सीसीएनए ही परीक्षा या क्षेत्राचे प्रवेशद्वार मानली जाते. तिच्यासाठी विशिष्ट पदवीची अट नाही, मात्र प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षेच असते. म्हणजे अभ्यास कधी संपत नाही. सरावासाठी पॅकेट ट्रेसर आणि जीएनएस-३ विनामूल्य मिळतात. त्यामुळे ‘नोकरीची हमी’ देणाऱ्या क्लाससाठी लाखाचे कर्ज काढण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने दहादा विचार करावा. आयपी पत्ते, स्विचिंग आणि राउटिंग यांचा पाया पक्का हवा. त्याच्या जोडीला लिनक्स आणि पायथन हवे, कारण आज शेकडो राउटरांवरील बदल एकेक करून न करता एका लहानशा प्रोग्रामने केले जातात. केवळ ठरावीक आज्ञा टंकणाऱ्याचे काम हळूहळू यंत्राकडे जाईल. दोन लाइन एकाच चरातून गेल्या आहेत, हे कागदावर विश्वास न ठेवता रस्त्यावर उतरून पाहणाऱ्याचे काम मात्र राहील.

उरली आईची धास्ती. ग्राहकांची गैरसोय टळावी म्हणून नेटवर्कमधील मोठे बदल मध्यरात्रीनंतर केले जातात. ‘मग रात्रिभोजनत्यागाचे काय? आणि एवढ्या रात्री मुलीने एकटीने यायचे-जायचे कसे?’ आईने विचारले. पहिल्या प्रश्नाला आजोबांनी उत्तर दिले : ‘व्रत रात्री जागल्याने मोडत नाही, रात्री जेवल्याने मोडते. डबा सूर्यास्तापूर्वी संपवील ती.’ दुसऱ्या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नव्हते. नेण्या-आणण्याची सोय देणाऱ्या ठिकाणीच नोकरी करीन, असे नातीने सांगितले. आईचे समाधान झाले नाही. परंतु घरातला अबोला सुटला.

वडील उठता उठता एवढेच म्हणाले, ‘आज त्या शेतकऱ्याला चार वाजेपर्यंत बसून राहावे लागले. दुसरी लाइन वेगळ्या रस्त्याने आणायचे काम कोणाचे होते?’

‘ज्याने ती नोंद तपासायला हवी होती, त्याचे,’ नात म्हणाली. ‘ते काम मला करायचे आहे, बाबा.’

वडील काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुकानाच्या जमाखर्चात एक खर्च त्यांनी स्वतःच्या हस्ताक्षरात मांडला होता : परीक्षेची फी.