जखिणवाडीचा डोंगर आणि आमची आई

आमची आई तीस-पस्तीस वर्षे सांगलीच्या मार्केट यार्डात हळद निवडायला जात होती. संध्याकाळी विश्रामबागेत घरी आल्यावर कितीही हात धुतले तरी बोटांचा पिवळेपणा जात नसे. तिची एकच इच्छा होती, अजिंठा पाहायची. घरात पद्मपाणीचे चित्र असलेले एक कॅलेंडर होते. वर्ष संपून गेले तरी तिने ते भिंतीवरून काढू दिले नाही.

२०१९ च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही वस्तीतल्या चार कुटुंबांनी वर्गणी काढून गाडी ठरवली. रात्रभर प्रवास करून अजिंठ्याला पोचलो. चूक आमचीच. सुट्टीत सगळा महाराष्ट्र तिथे लोटणार, हे ध्यानात घ्यायला हवे होते. रांगेत उभे राहून आईचे गुडघे भरून आले. चित्रे टिकावीत म्हणून आत उजेड मंद असतो आणि फार वेळ थांबताही येत नाही. पद्मपाणीपुढे आलो तेव्हा मागचे लोक रेटत होते. उंचीने ठेंगणी असलेल्या आईला पुढच्या माणसांच्या पाठीच तेवढ्या दिसल्या. परतीच्या वाटेवर ती गप्प होती. कराड ओलांडताना एवढेच म्हणाली, "लई लांब गेलो बाबा, पर बगितलं काय?"

तो प्रश्न आमच्या मनाला लागला. कारण ज्या कराडवरून आमची गाडी चालली होती, त्याच कराडजवळ आगाशिवाच्या डोंगरात साठाहून अधिक बौद्ध लेणी आहेत. १८८५ च्या सातारा जिल्ह्याच्या गॅझेटियरातही त्यांची माहिती छापली आहे. धम्माच्या कार्यक्रमांतून अजिंठ्यावर भाषणे देणारे आम्ही, घरापासून दोन-अडीच तासांच्या वाटेवरचा हा डोंगर मात्र कधी चढलो नव्हतो.

शेवटी २०२३ च्या डिसेंबरातल्या एका रविवारी निघालो. सांगलीहून एस.टी.ने पेठ नाक्यावरून कराडला, तिथून रिक्षाने जखिणवाडीला. आईचे वय सत्तर. दहा पावले चढायची, दगडावर टेकायचे, पाणी प्यायचे, पुन्हा उठायचे. नातू पुढे पळे आणि "आजी, आलं बघ!" म्हणून खोटेच सांगे. वर पोचायला तासाहून जास्त वेळ लागला. तिथे आमच्याखेरीज दोन गुराखी पोरे होती, बाकी कोणी नाही.

ही लेणी अजिंठ्यासारखी नाहीत, हे आधीच सांगतो. चित्रे नाहीत, मोठी शिल्पे नाहीत. बहुतेक लहान आणि साधी आहेत. कातळात खोदलेल्या खोल्या आणि त्यांत भिक्खूंना निजण्या-बसण्यासाठी दगडाचे ओटे. काहींमध्ये मात्र स्तूप आहेत. एका चैत्याच्या दाराशी खांबांवर धम्मचक्र आणि सिंह कोरलेले आहेत. ऊनपावसाने झिजले आहेत, पण ओळखू येतात. आईने चक्रावरून हात फिरवला. मग आत जाऊन स्तूपापुढे बसली. आम्ही सर्वांनी त्रिशरण-पंचशील घेतले. दगडी छताखाली आवाज असा घुमला की नातू एकदम शांत झाला. वंदना संपली तरी आई उठेना. म्हणाली, "बसू द्या रं जरा. हितं कोण ढकलत न्हाई."

थोड्या वेळाने तिने विचारले, "ही कुठल्या राजानं केली?"

आम्ही वाचून गेलो होतो म्हणून सांगता आले. इथल्या एका शिलालेखात गोपाळाचा मुलगा संघमित्र याने लेणे दान दिल्याचे कोरले आहे. नावापुढे कसली पदवी नाही. जुन्या लेखांत कराडचे नाव करहाकट किंवा करहाकड असे येते. रायगड जिल्ह्यातल्या कुडा लेण्यांत इथल्या एका लोखंडाच्या व्यापाऱ्याचे दान नोंदले आहे. मध्य प्रदेशात, इथून सुमारे हजार किलोमीटरवर, भरहुतचा स्तूप होता. त्याच्या दगडी कठड्यावर करहाकट नगराचे दान म्हणून लेख आहे. एका माणसाचे नव्हे, साऱ्या गावाचे दान! तेही दोन हजार वर्षांपूर्वी, ना एस.टी. ना रेल्वे अशा काळात.

आई ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हंजी आपल्यासारख्यांनीच वर्गणी काढली म्हना की." वस्तीतले विहार बांधताना ती आपल्या हजेरीतले दर आठवड्याला अकरा रुपये देत असे. ते तिने बोलून दाखवले नाही, पण आम्हाला आठवले.

गर्दीचे दुखणे काही आपल्याकडेच नाही. इटलीतल्या व्हेनिस शहरात एका दिवसासाठी येणाऱ्यांची इतकी दाटी होऊ लागली की २०२४ पासून गर्दीच्या ठराविक दिवसांत त्यांच्याकडून प्रवेशशुल्क घेतात. त्याच देशात मोंतोने नावाचे डोंगरावरचे लहानसे गाव आहे. रायगड जिल्ह्यातला जवान, मराठा पलटणीचा नाईक यशवंत घाडगे, दुसऱ्या महायुद्धात १० जुलै १९४४ रोजी त्या भागात लढताना पडला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. २०२३ मध्ये मोंतोनेकरांनी त्याचे स्मारक उभारले. आपल्या माणसाची खूण शोधायला इटलीला गेलात, तर तीही प्रसिद्ध शहरात नव्हे, अशा आडगावी सापडेल.

अजिंठा पाहू नका, असे आमचे म्हणणे नाही. तो पाहावाच, पण सुट्टी टाळून. त्याआधी आपल्या जिल्ह्यातला डोंगर पाहावा. सातारा जिल्ह्यातच शिरवळची लेणी आहेत, वाईजवळ लोहाऱ्याची आहेत. कोल्हापूरकरांना जोतिबाच्या वाटेवर पोहाळ्याची लेणी आहेत. हिवाळ्यात सकाळी लवकर जा. पाणी, भाकरी आणि बॅटरी बरोबर घ्या. वर दुकान नाही. धूर करू नका, कपारीत आग्या मोहोळ असू शकते.

आणखी एक गोष्ट. जखिणवाडीला काही भिंतींवर नावे आणि बदाम कोरलेले पाहून मान खाली गेली. माणसांची वर्दळ नाही म्हणून राखण नाही, आणि राखण नाही म्हणून नासधूस. आपण चार कुटुंबे महिन्याला गेलो, तर तिथे कोणाची नजर आहे एवढे तरी कळेल. त्या दिवशी नातवाने प्लॅस्टिकच्या बाटल्यांनी पिशवी भरून खाली आणली.

उतरताना आईला दुप्पट वेळ लागला. दुसऱ्या दिवशी गुडघ्यांना शेक देत बसली होती. आम्ही म्हणालो, "आई, उगाच त्रास झाला तुला." तर म्हणाली, "अजिंठ्याला बी गुडगं दुकलंच की. पर हितं बगितलं."

ते कॅलेंडर अजून भिंतीवर आहे. त्याच्या शेजारी आता त्या झिजलेल्या धम्मचक्राचा, नातवाने काढलेला फोटो लावला आहे.