दूर म्हणजे किती?

साबण घातला म्हणून फवारा खोटा ठरत नाही, असं नवऱ्याचं म्हणणं. मी मात्र तिथेच अडले आहे.

न्यूझीलंडमध्ये रोटोरुआजवळ वाई-ओ-टापूला लेडी नॉक्स नावाचा गायझर आहे. रोज सकाळी सव्वादहाला तिथला माणूस येतो, माहिती सांगतो आणि त्या भोकात साबणाची पूड ओततो. आधी नुसता फेस, दूध उतू जावं तसा काठावरून ओघळणारा. मग एकदम फवारा, वीस मीटरपर्यंत. वरचं पाणी त्यातल्या त्यात थंड, खालचं कमालीचं तापलेलं. साबणाने पृष्ठताण कमी होतो आणि दोन्ही मिसळतात. १९०१ मध्ये जवळच्या तुरुंगातल्या कैद्यांना कपडे धुताना हा शोध लागला. गोष्ट ऐकून सगळे हसले, फवाऱ्याला टाळ्याही पडल्या. मला मात्र त्या कैद्यांचंच कुतूहल. धुण्याचं काय झालं असेल?

नंतर तलावापलीकडचा तारावेरा डोंगर पाहताना मी म्हटलं, ‘दुरून डोंगर साजरे.’ आई हे बहुधा आलेल्या स्थळांबद्दल म्हणायची. डोंगरांशी तिचा संबंध एसटीच्या खिडकीपुरता. ही म्हण चढून, दमून परत आलेल्या माणसाची असणार. डोंगरावरच राहणारा धनगर ती कशाला म्हणेल? त्याला दुरून दिसतं ते सपाटीवरचं गाव. आणि आपला सह्याद्री तरी काय, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हाच. म्हणजे पिढ्यान् पिढ्या आपण त्या लाव्हावर उभं राहूनच दूरचे डोंगर वाखाणतो आहोत.

तारावेरा तर लोक मुद्दाम जवळ जाऊन बघत. त्याच्या पायथ्याच्या गुलाबी आणि पांढऱ्या सिलिकाच्या पायऱ्यांसाठी विलायतेहून प्रवासी यायचे. १० जून १८८६ च्या पहाटे डोंगर फुटला. पायऱ्या गेल्या, शंभरावर माणसं गेली. ‘ते वाईरोआ’ गावात सोफिया हिनेरांगी या माओरी वाटाड्या बाईच्या घराने मात्र तग धरला आणि आसऱ्याला आलेले साठावर लोक वाचले. तिला हा डोंगर कसा दिसत असेल? रोटोरुआच्या व्हाकारेवारेवा गावात आजही माओरी कुटुंबं जमिनीच्या वाफेवर जेवण रांधतात. कणसं उकळत्या कुंडात सोडलेली, आणि सोडणारी बाई कुंडाकडे बघतसुद्धा नव्हती.

‘दूर म्हणजे किती रे?’ मी विचारलं.

‘कठडा घातलाय तेवढं,’ नवरा म्हणाला.

हे पटलं असतं. पण साबणाचा वाद उरलाच होता. व्हाकारेवारेवाचा पोहुतू गायझर, ज्याला मी मनातल्या मनात ‘अस्सल’ ठरवून टाकलं होतं, त्याचीही कथा आहे. घरं आणि हॉटेलं गरम ठेवायला रोटोरुआकरांनी इतक्या बोअर मारल्या की तिथले झरे आणि गायझर मंदावले. १९८६-८७ मध्ये सरकारने पोहुतूच्या दीड किलोमीटर परिसरातल्या बोअर बंद करायला लावल्या, तेव्हा कुठे पाण्याने पुन्हा जोर धरला. म्हणजे एकाला साबण लागतो, दुसऱ्याला सरकारी हुकूम. यातला खरा कोणता म्हणायचा, हे तिथे जाऊन आलेल्या कुणाला ठरवता आलं असेल तर कळवा; आमच्या घरात अजून एकमत नाही.