दोन सुलट, दोन उलट

पुण्या-नागपूरकडून केंद्र सरकारच्या नोकरीपायी दिल्लीला आलेल्या आमच्या पिढीची पहिली थंडी साधारण एकाच प्रकारे गेली. सामानात रजई नव्हती, गोधड्या होत्या. आणि स्वेटर असलाच तर घरात मिळून एखादा. दिवाळी उलटली की सरोजिनीनगर, नेताजीनगरच्या क्वार्टरांमध्ये सकाळी नळाखाली हात धरवत नसे. जानेवारीत पारा चार-पाच अंशांवर आला की आपण कुठे येऊन पडलो, असं वाटे. तयार स्वेटर बाजारात होते, पण कारकुनाच्या पगारात घरातल्या सगळ्यांना ते घेणं जमत नसे. म्हणून आम्ही बायका विणायला शिकलो. हौस नंतर आली, आधी थंडी आली.

आता नोकरी लागून दिल्लीला किंवा गुरुग्रामला येणारी मुलगी जाकीट बरोबर घेऊनच येते. घर फोनवर ठरलेलं असतं, डबा फोनवर मागवता येतो, पत्ता कुणाला विचारावा लागत नाही. आणि तिचं ते हलकं जाकीट आमच्या हातच्या स्वेटरांपेक्षा निश्चित ऊबदार असतं. आमच्या विणीतून स्कूटरवरचा वारा थेट आत शिरे, म्हणून पुरुषमंडळी स्वेटरच्या आत छातीवर वर्तमानपत्र दुमडून घालत. लोकर टोचे, मुलांच्या मानेवर पुरळ उठे, थोड्या धुण्यांत कोपरं लोंबू लागत. आजच्या मुलीची थंडी आमच्यापेक्षा सुखाची आहे, आणि ती तशीच असायला हवी.

पण आम्हाला विणायला शिकवलं ते शेजारणींनी, आणि मन अडकतं ते तिथे. दुपारची जेवणं आटोपली की क्वार्टरांपुढच्या हिरवळीवर खाटा पडत. भुईमुगाच्या शेंगा, गजक, मीठ लावलेला मुळा, आणि प्रत्येकीच्या मांडीवर लोकरीचा गुंडा. 'बहनजी, कितने फंदे डाले?' हे आमच्यातल्या अनेकींनी दिल्लीत न अडखळता बोललेलं पहिलं हिंदी वाक्य. बारा नंबरच्या सुयांवर दोन सुलट, दोन उलट अशी खालची पट्टी विणायची, मग अंगासाठी दहा नंबरच्या सुया घ्यायच्या. नंबर मोठा तेवढी सुई बारीक, हे ध्यानात यायला थोडा वेळ लागे. माप टेपने घेतलं जात नसे. खेळणाऱ्या पोराला पकडून पाठमोरं उभं करायचं, अर्धवट विणलेला भाग त्याच्या पाठीला लावायचा, आणि 'बच्चा बढ़ेगा' म्हणत दोन बोटं जास्त धरायची. एखादा टाका सुटून शिडीसारखा खालपर्यंत उसवत गेला की आपल्याला रडू फुटे. शेजारीण मात्र स्वतःचं काम बाजूला ठेवी, क्रोशाच्या सुईने एकेक आडवा धागा वर ओढत टाका पुन्हा सुईवर चढवी, आणि हातात देऊन आपल्या गप्पा पुढे चालू करी.

त्यांतल्या कितीतरी जणी १९४७मध्ये लाहोर, रावळपिंडी, मुलतान सोडून आलेल्या होत्या. दिल्लीला त्याही परक्याच, आणि आमच्याहून फार मोठं काही गमावून आलेल्या. आम्हाला मुलांच्या सुट्टीत झेलम एक्सप्रेसने पुणं गाठता येई. त्यांना परत जायला गाव उरलेलं नव्हतं. त्याबद्दल त्या फारशा बोलत नसत. एखादी जाळीची वीण दाखवताना मध्येच 'ये मेरी माँ डालती थी' एवढंच म्हणत. ती वीण आमच्या मुलांच्या अंगावरून महाराष्ट्रात गेली, तिथे जावा-नणंदांनी उतरवून घेतली. रावळपिंडीच्या एखाद्या आईचा हात अशा रीतीने सातारा-सांगलीपर्यंत पोचला असेल, हे आज आठवलं की भरून येतं.

त्या हिरवळी आता राहिल्या नाहीत. २०१६मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने दिल्लीतल्या सात सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासाला मंजुरी दिली, त्यात सरोजिनीनगर आणि नेताजीनगरही होतं. दुमजली क्वार्टरं जाऊन उंच इमारती उभ्या राहू लागल्या. २०१८मध्ये झाडं तोडली जाऊ लागली तेव्हा लोक झाडांना मिठ्या मारून उभे राहिले आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. नोव्हेंबर आला की हवाच इतकी गढूळ होते की बाहेर बसू नका, असं डॉक्टर सांगतात. आमची हवा मात्र शुद्ध होती, असंही म्हणता येणार नाही. संध्याकाळी दारोदारी कोळशाच्या अंगीठ्या पेटत आणि त्यांचा धूर खाली साचून राही. आठवणीत तो धूर उरत नाही, ऊन तेवढं उरतं.

ते ऊनही सगळ्यांना सारखं नव्हतं. जिला विणकाम मुळीच आवडत नसे तीही विणे, कारण न विणणारी आई निष्काळजी ठरे. नोकरी करणाऱ्या बाईच्या सुया बसमध्येही थांबत नसत. जुना स्वेटर उसवायचा, लडी करायची, रिठ्याच्या पाण्यात धुवायची, वाफेवर धरून धागा सरळ करायचा, नि पुन्हा नवे टाके घालायचे. लडी धरायला घरातली मुलगी हात पसरून बसे, मुलगा खेळायला जाई. खाटेवरच्या गप्पांत चौकशाही फार चालत, आणि मूल नसलेल्या बाईला ती हिरवळ जाचक वाटे.

आजची मुलगी विणते ती स्वतःला आवडतं म्हणून. २००७मध्ये सुरू झालेल्या रॅव्हलरीसारख्या विणकामाच्या संकेतस्थळावर तिला जगभरचे नमुने मिळतात, यूट्यूबवर हात स्पष्ट दिसतात, कंटाळा आला तर काम अर्धवट टाकता येतं. ही मोकळीक आम्हाला हवी होती. फक्त टाका सुटला की ती व्हिडिओ मागे नेते, आणि एकटीच तो उचलते. नव्या गावात माणसाला शेजारचं दार वाजवायला एखादं लहानसं निमित्त लागतं. आमच्याकडे ते सदैव मांडीवर असे; तिच्याकडे ते उरलेलं नाही, कारण तिचं कुठेच अडत नाही.

अडतं ते आता आमचं. विजेचं बिल फोनवर भरायचं आम्हाला समजत नाही, औषधं मागवता येत नाहीत, ज्या शहरात जन्म गेला तिथे पुन्हा नवख्या झालो आहोत. आमच्या मजल्यावर अकोल्याची एक मुलगी राहायला आली आहे. रविवारी फोन घेऊन तिच्याकडे जायचं आणि शिकव म्हणायचं, असं आम्हा दोघी-तिघींचं ठरलं आहे.