एका हाताची गाठ

आपल्याकडे कर्तृत्व सांगायचं तर मनगटावर बोट ठेवतात. त्या मनगटानेच यंदा श्रावणात मला तोंडघशी पाडलं. लोणच्याच्या बरणीचं झाकण फिरवलं आणि अंगठ्याच्या मुळापासून कळ थेट कोपरापर्यंत गेली.

डॉक्टरांनी आधी विचारलं, "रात्री अंगठ्याला, शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येतात? बधिर होतात?" तसं असतं तर मनगटात शीर दबतेय असं समजून तपासण्या कराव्या लागल्या असत्या. माझं दुखणं अंगठ्याच्या स्नायुबंधांचं निघालं. पट्टा दिला, फोन कमी करा म्हणाले.

उरलेलं सासूबाईंनी हाती घेतलं. परसातल्या कुंपणाची निरगुडी ओरबाडून आणली. तव्यावर तिळाच्या तेलाचे चार थेंब, त्यावर पाला. तो मऊ पडला की घरभर उग्र, कडसर वास. मग जुन्या लुगड्याच्या धडप्यात पुरचुंडी. ती आधी स्वतःच्या पालथ्या हाताला टेकवून चटका बघायच्या, मग माझ्या मनगटाला. शेकाआधी कोमट तेल. सांध्यावर गोल, हाडावर सरळ, आणि कुठेही जोर नाही.

आयुर्वेदात सुश्रुताने शरीरातली 107 मर्मं, म्हणजे नाजूक जागा, मोजली, त्यात मनगट आहे, नाव मणिबंध. ते 'रुजाकर' मर्मांत येतं. म्हणजे घाव बसला तर जीव जात नाही, ठणका राहतो आणि हात कुंठतो. वाग्भटाने अभ्यंग रोज सांगितला, त्यातही डोकं, कान आणि पाय विसरू नका म्हणाला. हातांचं वेगळं नाव नाही. तेल लावणारे तेच, त्यांना कोण मोजणार?

दहाव्या दिवशी झाकण फिरलं. त्या संध्याकाळी मी अंगणात आले तर सासूबाई पायरीवर बसलेल्या, उजव्या मनगटावर पुरचुंडी, आणि धडप्याचं एक टोक दातात धरून डाव्या हाताने गाठ मारायची खटपट चाललेली. पन्नास वर्षं भाकऱ्या थापलेला हात तो. मी इतके दिवस त्याच्याकडून तेल लावून घेत होते.

"द्या इकडे," म्हटलं.

"अगं, थोडंसंच," म्हणत त्यांनी दातातलं टोक सोडलं. "फार आवळू नकोस हं."