मोटारीचे डोके

डोके तापणे हा केवळ मनुष्यप्राण्याचा अधिकार आहे, अशी आमची पुष्कळ वर्षे समजूत होती. गेल्या वैशाखात वाईस जाताना खंबाटकीच्या घाटात आमच्या जुन्या प्रीमियर पद्मिनीने ती दूर केली. बॉनेटच्या फटींतून वाफेचे लोट निघाले, दोनचार आचके बसले आणि गाडी उभी राहिली.

दोष तिचा नव्हता. १९८४ साली गाडी घेतल्यापासून, निघण्यापूर्वी रेडिएटरमधील पाणी पाहावयाचे हा नेम आमच्या तीर्थरूपांनी कधी चुकविला नाही. हात कापू लागले म्हणून त्यांनी चाक आमच्या स्वाधीन केले, आणि आम्ही तो नेम तीन महिन्यांत मोडला.

गाडी दोराने ओढून पुण्यास आणली. तेलाचे झाकण उघडून पाहतो तो आत दुधाळ चहा! अंगणातल्या खुर्चीवरून नाना एवढेच म्हणाले, “हेड गॅस्केट गेलं. घरीच उघडू.”

या गाडीच्या इंजिनाचा ठोकळा बिडाचा आणि डोके ॲल्युमिनियमचे. उष्णतेने ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. अशा दोघांच्या मध्ये गॅस्केटचा पातळ पदर चेपून बसलेला असतो. जळता वायू, पाणी आणि तेल या तिघांस एकमेकांच्या घरात शिरू न देणे हे त्याचे काम. घराघरांतून असले काम कोण करते ते आम्ही येथे लिहीत नाही. आमची सौभाग्यवती हे मासिक वाचते.

दोन दिवस आमचे हात आणि नानांचे डोळे असा कारभार चालला. आठही पुशरॉड आपापल्या जागीच परत गेले पाहिजेत, म्हणून त्यांनी लाडवांच्या खोक्यास आठ भोके पाडून त्यांवर आकडे घालावयास लावले. डोके जागचे हालेना, तेव्हा आम्ही फटीत पेचकस घालू लागलो. “ओरखडा पडेल!” नाना कडाडले. मग लाकडी हातोडीने हलके ठोकून ते सोडविले. दुसऱ्या व तिसऱ्या सिलिंडरमधली अरुंद पट्टी जळून गेली होती. डोक्यावर पोलादी पट्टी आडवी, उभी, तिरपी ठेवून पाहिली. फीलर गेजचे ०.०५ मिलिमीटरचे पान कोठेही शिरले नाही. डोके वाकले नव्हते.

ठोकळ्याचा माथा पुसत असता नाना सहज म्हणाले, “काटा मी पाहिला होता. घाटाच्या आधीच लाल रेघेकडे चालला होता.”

“मग बोलला का नाहीत?”

“शिरवळला तू म्हणालास, गाडी मी चालवतो आहे.”

आम्हांस ते वाक्य आठवले. ते ज्या आवाजात उच्चारले होते तो आवाजही आठवला. नानांच्या स्वरात राग नव्हता. असता तर बरे झाले असते. पुसून झालेला माथा आम्ही पुन्हा एकदा पुसला.

नव्या गॅस्केटवर वरच्या बाजूची खूण होती. आम्ही ती पाहिली होती, तरीही त्यांस विचारले, “नाना, ही बाजू वर ना?”

त्यांनी चष्मा पुसून ती खूण बराच वेळ निरखली आणि मान हालविली.

नटबोल्ट मधून बाहेर, थोडेथोडे करून तीन फेऱ्यांत आवळावयाचे होते. उसना आणलेला टॉर्क रेंच ‘टक्’ करून वाजला की ते पुढचा आकडा सांगत. तेल बदलले, टॅपेट जुळविले, पाणी भरले. किल्ली फिरविताच धुराड्यातून थोडा पांढरा धूर आला आणि विरून गेला.

पुढच्या रविवारी पुन्हा वाईस निघालो. शिरवळ मागे पडले. समोर घाट दिसू लागला.

“काटा कुठं आहे?” आम्ही विचारले.

“मध्यावर,” नाना म्हणाले, आणि क्षणभराने, “गिअर मात्र आताच खालचा घे.”